नारळ फोडण्याआधी : नवी मुंबईच्या १११ नगरसेवकांना खुलं पत्र

मान्यवर नगरसेवक आणि नगरसेविका,

स. न. वि. वि.

अभिनंदन सुरुवातीलाच उरकून घेते, कारण पुढचा मजकूर फारसा गोड नाही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी गुलाल उडाला आणि नवी मुंबई महानगरपालिकेला पुन्हा एकदा सभागृह मिळालं. त्याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मधली. तेव्हा दुसरीत असलेली मुलं यंदा बोटाला शाई लावून आली.

मधल्या काळाची उजळणी थोडक्यात. २०१५ च्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी करोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, मग प्रभागरचना कशी करायची यावर सरकारं बदलली तसे निर्णय फिरत राहिले. राज्यघटनेच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. इथे एक पाच वर्षं संपली आणि वर दुसरी पाचही उलटली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तरी मतपेटीपर्यंत पोचायला जानेवारी उजाडला.

या साडेपाच वर्षांहून अधिक काळात आयुक्त हेच प्रशासक होते. एरवीची रीत अशी की आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग महासभेत चर्चा होते, आवाज चढतात आणि मंजुरी मिळते. प्रशासकीय राजवटीत मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. माझा कुठल्या आयुक्तांवर आरोप नाही, कायद्यानेच त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं. पण २०२४-२५ चा ४,९५० कोटींचा आणि २०२५-२६ चा आरंभीच्या शिलकेसह ५,७०९ कोटींचा अर्थसंकल्प मंजूर होताना "हे कशाला?" असं उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीच्या बिलावरून तासभर खडाजंगी होते, खजिनदाराला घाम फुटतो. तीच मंडळी पाच हजार कोटींच्या खर्चावर चिडीचूप होती, कारण चिडायला जागाच नव्हती.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुमच्यावाचून शहर अडलं नाही. नळाला पाणी येत होतं, घंटागाडी येत होती, दिवे लागत होते. स्वच्छ सर्वेक्षणात २०२२ आणि २०२३ अशी दोन्ही वर्षं नवी मुंबई देशात तिसरी आली आणि त्यानंतर सुपर स्वच्छ लीगमध्ये, म्हणजे सातत्याने वर राहणाऱ्या शहरांच्या वेगळ्या गटात, गेली. लोकांना नगरसेवकाची आठवण झाली ती रहिवासी दाखल्यावर सही हवी तेव्हा, किंवा गल्लीतल्या गणेशोत्सवाची पावती फाडायची तेव्हा. मी हे खोचकपणे लिहीत नाही (थोडं लिहितेय). तुमच्या प्रचारपत्रकांत गटारं, पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि ओपन जिम यांची जी यादी होती, ती कामं प्रशासन तुमच्याशिवायही करत होतं, हे मतदाराने डोळ्यांनी पाहिलंय. त्या यादीवर तुमचं महत्त्व ठरणार असेल तर ते फार नाही.

जुनी सभागृहं फार तेजस्वी होती असंही माझं म्हणणं नाही. "आयत्या वेळचे विषय" हा शब्द तुमच्यापैकी अनुभवी मंडळींना समजावून सांगायला नको. विषयपत्रिकेत नसलेला प्रस्ताव शेवटच्या क्षणी येतो, कुणीतरी सूचक, कुणीतरी अनुमोदक, गोंधळात "मंजूर, मंजूर" असा आवाज उठतो आणि सभा पुढे सरकते. कोट्यवधींचे विषय चहा गार व्हायच्या आत मार्गी लागल्याच्या बातम्या राज्यातल्या सगळ्याच महापालिकांमधून आपण वाचत आलोय.

मग तुम्ही हवेत कशाला? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी. सरकारी पैशाबद्दल सरकारी माणसाला सर्वांसमक्ष प्रश्न विचारण्याचा आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा अधिकार शहरात फक्त तुम्हाला आहे. आम्ही नागरिक फार तर माहिती अधिकाराचा अर्ज करतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवस वाट पाहायची आणि मग "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे एका ओळीचं उत्तर घडी घालून फाइलला लावायचं. शहरातल्या एका सरकारी यंत्रणेला मी विचारलं होतं की अमुक एक वास्तू बांधून झाल्यावर ती चालवायला वर्षाला किती पैसे लागतात. त्यांनी बांधकामाचा खर्च पैशापर्यंत कळवला, चालवण्याच्या खर्चाबद्दल मात्र वरचंच वाक्य. अपील केलं, तिथेही तेच.

ते उत्तर खोटं होतं असं मला वाटत नाही. मी आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली, त्यामुळे माझा संशय वेगळा आहे: तो आकडा कुणी काढलेलाच नसावा. भांडवली खर्चाला प्रशासकीय मंजुरी लागते, निविदा लागते, कार्यादेश लागतो, शेवटी नारळ, फीत आणि फोटोही लागतो. त्यामुळे तो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. देखभाल-दुरुस्ती, वीजबिल, सुरक्षारक्षक, कर्मचारी, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी यंत्रं हे सगळं वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली विखुरतं आणि कुठल्याच फलकावर येत नाही. फीत कापणाऱ्याच्या नावाची कोनशिला असते. पुढची वीस वर्षं वीजबिल भरणाऱ्याची नसते.

उदाहरणं आपल्या आसपासच आहेत, फक्त ती सगळी तुमच्या महापालिकेची नाहीत. बेलापूर-पेंधर मेट्रो घ्या. ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं. भूमिपूजन १ मे २०११ ला आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे साडेबारा वर्षांनी. त्यातही सुरक्षेचं प्रमाणपत्र हाती आल्यावर काही महिने गाड्या नुसत्या उभ्या होत्या, कारण उद्घाटनाची तारीख ठरत नव्हती. शेवटी मांडव न घालताच सेवा सुरू करावी लागली. पुढे वर्षाच्या आत, सप्टेंबर २०२४ मध्ये, प्रवासी वाढावेत म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, तिकीट उतरवलं, कमाल भाडं चाळीसवरून तीस रुपयांवर आलं. प्रवाशाला ते चांगलंच. पण कमी केलेले दहा रुपये कुठल्या खिशातून भरून निघतात? सिडको जमीन विकून पैसा उभा करते. जमीन एकदाच विकता येते, तिकीट मात्र रोज फाडावं लागतं. विकायचे भूखंड संपले की मेट्रोची तूट कुणाच्या अर्थसंकल्पात जाऊन बसेल, याचा अंदाज तुम्ही आजच बांधून ठेवलेला बरा.

दिघा गाव स्थानकाचीही तीच तऱ्हा. ठाणे-वाशी मार्गावरचं हे स्थानक बांधून तयार होतं, फलाट तयार, जिने तयार, आणि दिघ्याचे लोक महिनोन्महिने बंद दारासमोरून ऐरोलीला चालत जात होते. ते उघडलं १२ जानेवारी २०२४ ला, ज्या दिवशी अटल सेतूचं उद्घाटन होतं. रेल्वेचं स्थानक रेल्वेने कधी उघडावं यावर तुमचा ताबा नाही हे मला मान्य. पण तुमच्यापैकी कुणी मोठ्या नेत्याच्या तारखेसाठी बाग, वाचनालय किंवा दवाखाना कुलूपबंद ठेवायला निघालं, तर त्याला हे स्थानक आठवू द्या.

जेट्टींचं तर काय सांगावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, बातम्यांत अर्ध्या-पाऊण तासात मुंबई असं चित्र रंगलं. तिकीट इतकं होतं की रोज लोकलने जाणाऱ्याने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि सेवा बारगळली. हा अनुभव समोर असताना नेरूळला सिडकोची शंभर कोटींच्या वरची जेट्टी उभी राहतच होती. ती तयार झाल्यावर बोटींची वाट पाहत बसली. तिथे मुबलक काय आहे तर बाजूच्या तलावातले रोहित पक्षी, आणि जेट्टीच्या कामाने त्या तलावात येणारं भरतीचं पाणीच अडलं अशी पर्यावरणप्रेमींची तक्रार आहे. आधी प्रवासी मोजावेत, मग धक्का बांधावा, हा क्रम सांगायला लेखा विभागातली नोकरी लागत नाही.

तुमच्या अखत्यारीतलं उदाहरण हवं असेल तर ऐरोली आणि नेरूळची महापालिका रुग्णालयं आहेत. इमारती दिमाखात उभ्या राहिल्या. डॉक्टर, परिचारिका, तज्ज्ञ मात्र पुरेसे मिळेनात, म्हणून वर्षानुवर्षं रुग्णांचा लोंढा वाशीच्या रुग्णालयाकडेच वाहत राहिला. सिमेंटला पैसा मिळतो आणि पगाराला मिळत नाही, याचं कारण साधं आहे. सिमेंट एकाच वर्षाच्या अर्थसंकल्पात दिसतं आणि पगार दरवर्षी दिसतो. शिवाय कायम पदाला शासनाचा आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) आडवा येतो, आस्थापना खर्चाची मर्यादा आडवी येते. मग कंत्राटी भरती, मग कंत्राटी डॉक्टर सहा महिन्यांत सोडून जाणार. नवं वैद्यकीय स्वप्न दाखवणारा प्रस्ताव तुमच्यासमोर येईल तेव्हा इमारतीच्या चित्राकडे बघू नका, पदांच्या तक्त्याकडे बघा.

खर्च करूच नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मोरबे धरण हा या शहराने केलेला सर्वांत शहाणा खर्च आहे. खालापूर तालुक्यातलं हे धरण महापालिकेने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतलं, आणि त्यामुळे शेजारचं ठाणे शहर स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा तीन-चार ठिकाणांहून पाणी गोळा करत असताना आपण स्वतःच्या धरणाचं पाणी पितो. तेव्हा ते पैसे रस्त्यांच्या दुभाजकांवर उडवले असते तर आज आपणही रांगेत असतो.

पण याच पाण्याबद्दल तुम्हाला कडू बोलावं लागेल. घरगुती ग्राहकाला महिन्याला तीस हजार लिटर पाणी पन्नास रुपयांत, हा दर आपण अभिमानाने मिरवतो. मीही भरते, आनंदाने भरते. एवढं पाणी धरणातून उपसायला, शुद्ध करायला आणि माझ्या टाकीत आणून सोडायला प्रत्यक्षात किती लागतात हे मात्र बिलावर कधीच छापलं जात नाही. दर वाढवा अशी माझी मागणी नाही. खरा खर्च आणि सवलत हे दोन आकडे बिलावर छापा, मग सवलत कुणाला द्यायची ते आम्हीच सांगू. पाम बीचवरच्या चार बेडरूमच्या घराला आणि तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीतल्या खोलीला एकच सवलत कशासाठी? आणि एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या दिघा पट्ट्यात पाण्याची ओरड आहेच. तिथे इलठणपाड्याला रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण आहे. त्याचं पाणी शहराला मिळावं ही मागणी इतकी जुनी आहे की तुमच्यातल्या काहींनी ती दोन-तीन जाहीरनाम्यांत छापली असेल. त्याला जेट्टीइतका पैसा लागणार नाही असा माझा कयास आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही हीच बहुधा त्याची अडचण.

मोरबेच्या बाबतीत आणखी एक थकबाकी आहे. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या ते प्रकल्पग्रस्त अजूनही मागण्या घेऊन अधूनमधून धरणावर येऊन बसतात. शहाण्या खर्चातही कुणाचं तरी देणं राहतं, ते अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेतल्या दायित्वाच्या तक्त्यात सापडत नाही.

मालमत्ता कर वाढवणार नाही हे आश्वासन तर प्रत्येक पक्षाने दिलं. मतदार म्हणून मला ते सोयीचं वाटलं, हिशोबनीस म्हणून नाही. एके काळी या शहराचा कणा उपकर होता. जकातीऐवजी उपकर घेण्याचा प्रयोग इथे झाला, २०१३ मध्ये त्याची जागा एलबीटीने (स्थानिक संस्था कराने) घेतली, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ते सगळं राज्याकडे गेलं. आता राज्य सरकार भरपाई म्हणून दरमहा रक्कम पाठवतं, कायद्याने त्यात वर्षाला आठ टक्के वाढ आहे. ती येते तोवर ठीक. पण जो माणूस आपल्या उत्पन्नासाठी वरून येणाऱ्या धनादेशावर बसून असतो, तो वरच्याला प्रश्न कसा विचारणार? तुम्ही कर वाढवू नका, पण करातून येणारं किती आणि मंत्रालयातून येणारं किती हे सभेत मोठ्याने वाचा. शहराची पाठ किती ताठ आहे ते त्यावरून कळेल.

वरच्यांची स्थिती काय आहे तेही बघून ठेवा. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी धरली होती आणि कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींवर होता. १४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला, त्यात आपले वाशी आणि ऐरोली दोन्ही आले. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. टोल माफ झाला म्हणजे तो भरणारा बदलला, कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून होणार. ऐरोली नाक्यावरून मोटारीने जाणाऱ्याचे पंचेचाळीस रुपये आता गडचिरोलीत काडेपेटी विकत घेणाऱ्याच्या करातूनही जातात. त्याच सरकारने अटल सेतूवर मोटारीला एका फेरीचे अडीचशे रुपये ठेवले. एका पुलाचा टोल राजकारणाने ठरला आणि दुसऱ्याचा कर्जाच्या हप्त्याने, असं मला दिसतं. धोरण म्हणावं असं त्यात काही सापडत नाही.

लाडकी बहीण योजनेबद्दलही लिहिते, नाहीतर मी टाळलं असं म्हणाल. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना ते दीड हजार मिळतात, त्यांच्या मुलीची क्लासची फी त्यातून जाते, आणि त्यातला एक रुपयाही मला खुपत नाही. खुपतं ते हे की अर्ज जुलै २०२४ पासून धडाधड मंजूर झाले, नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि पात्रता तपासायला २०२५ उजाडलं. तेव्हा सव्वीस लाखांच्यावर लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनेच सांगितलं, त्यात चौदा हजारांहून जास्त पुरुष निघाले. तपासणी आधी केली असती तर खऱ्या बहिणींना ई-केवायसीसाठी मोबाइल घेऊन दारोदार फिरावं लागलं नसतं. उधळपट्टीचा पहिला फटका गरजूलाच बसतो, कारण कात्री लागते तेव्हा कागद त्याचेच अपुरे असतात.

परत आपल्या शहरात येते. पुढच्या काही महिन्यांत दोन मोठे विषय तुमच्या टेबलावर असतील, आणि दोन्हींत बिल लपलेलं आहे. पहिला चौदा गावांचा. पारसिकच्या डोंगरापलीकडची ही गावं पूर्वी याच महापालिकेत होती, २००७ मध्ये लोकांच्या विरोधामुळे वगळली, आणि २०२४ मध्ये पुन्हा जोडली. तिथल्या माणसांना रस्ता, पाणी, दवाखाना मिळायला हवा यात वाद नाही. पण हद्दीचा निर्णय मंत्रालयाने घ्यायचा आणि जलवाहिनी डोंगरापलीकडे नेण्याचा खर्च बेलापूरच्या महापालिकेने सोसायचा, ही वाटणी कुणी ठरवली? सत्ताधाऱ्यांमध्येच यावरून जाहीर धुसफूस झाली, आणि ती निदान पैशावरून झाली याचं मला बरं वाटलं. गावांच्या बाजूने बोला किंवा विरोधात, पण सरकारकडून निधीचं लेखी वेळापत्रक घेतल्याशिवाय बोलू नका.

दुसरा विषय पुनर्विकासाचा. वाशी-नेरूळमधल्या सिडकोकालीन इमारतींना नवं घर हवंच आहे, छताचे तुकडे पडणाऱ्या घरात राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर चार मजल्यांच्या जागी तीस-पस्तीस मजल्यांचे प्रस्ताव येऊ लागले. सिडकोने सेक्टर आखले तेव्हा मलवाहिन्या, जलवाहिन्या आणि रस्ते त्या वेळच्या वस्तीपुरते टाकले होते. मोरबेची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटरची, ती मजले वाढले म्हणून वाढत नाही. विकासक अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचं शुल्क) भरतो, ते महापालिकेच्या जमेच्या बाजूला येतं आणि अर्थसंकल्पाचा आकडा टुमदार दिसतो. पाच वर्षांनी त्याच सेक्टरची गटारं उकरायचा खर्च येईल तेव्हा ते अधिमूल्य कधीच कुठल्या तरी सुशोभीकरणात विरघळलेलं असेल. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून फक्त त्या नोडच्या (सिडकोने आखलेल्या त्या उपनगराच्या) मलवाहिन्या आणि जलवाहिन्यांवर खर्चायचा ठराव तुम्ही करू शकाल का? माझ्या या पत्रातलं एकच वाक्य वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

मार्चएंडिंगबद्दल लिहायची गरज नाही, तुम्हालाही ते दिसतं. धड असलेले पेव्हर ब्लॉक फेब्रुवारीत निघतात आणि मार्चमध्ये दुसऱ्या रंगाचे बसतात.

अर्थसंकल्पाची पुस्तिका हातात पडली की एक करा. पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या, त्यात आरंभीची शिल्लक धरलेली असते, ती काही नवी कमाई नव्हे. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष असे रकाने असतात. त्यातला प्रत्यक्ष हा रकाना बोट ठेवून वाचा. शिक्षणाला, आरोग्याला किती धरले होते आणि किती खर्चले, हे तिथे कळतं. मग प्रशासकांच्या काळात मंजूर झालेल्या मोठ्या कामांची यादी मागा: मंजूर रक्कम, वाढीव रक्कम, दिलेली रक्कम, उरलेलं दायित्व. ठेकेदाराला मुदतवाढ किती वेळा आणि कशासाठी दिली तेही. त्यानंतर, आधीच उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या वास्तूचा वर्षाचा चालवण्याचा खर्च. ही माहिती "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं तुम्हाला कुणी सांगू शकत नाही, सांगितलं तर ती संकलित होईपर्यंत विषय तहकूब ठेवा. आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाच्या तळाशी एक ओळ सक्तीची करा: हे काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षं चालवायला किती लागतील आणि ते कुठून येतील. ओळ कोरी असेल तर नारळ फोडू नका. पहिलं वर्षभर नवं काही मागितलं नाहीत तरी तुमचा मतदार रागावणार नाही, त्याला साडेपाच वर्षांची सवय आहे.

एक शंका मात्र मनात आहे. या वेळी प्रथमच इथे चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले, एकूण २८, त्यातला एक तेवढा तीन सदस्यांचा. आम्ही चार-चार बटणं दाबली. आता चौघांपैकी कुणाला धरायचं? चौघांच्या फलकांवर एकाच रस्त्याचं श्रेय असतं आणि रस्ता खचला की चौघेही पलीकडच्याकडे बोट दाखवतात. निदान खर्चाच्या प्रश्नांपुरती चौघांत कामाची वाटणी करून ती जाहीर करा: आरोग्य कुणाकडे, पाणी कुणाकडे, रस्ते कुणाकडे, शिक्षण कुणाकडे. विरोधी बाकांवर तुमची संख्या कमी असली तरी प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. आणि सत्ताधारी बाकांवरच्यांनो, आपल्याच पक्षाचा महापौर असताना विचारलेला प्रश्न जास्त कामाचा असतो, कारण त्याचं उत्तर टाळणं अवघड जातं.

अर्थसंकल्पाच्या सभेची तारीख, वेळ आणि विषयपत्रिका चार दिवस आधी संकेतस्थळावर टाका, आणि त्यात नसलेला कुठलाही आर्थिक विषय आयत्या वेळी घेऊ नका. सभा सर्वांना घरबसल्या थेट पाहता येईल असं करा, त्यात खर्च फारसा नाही. आमच्या सेक्टरातले तीन-चार निवृत्त लोक बेलापूरच्या मुख्यालयात प्रेक्षक म्हणून येऊन बसायला तयार आहेत. आम्हाला पासची व्यवस्था कुठे करायची तेवढं कळवावं.

कळावे,
आपली,
नेरूळमधील एक मतदार आणि करदाती